गोळीची बैठक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

‘ठासणीची बंदूक’ हा शब्द आपल्याकडे अजून टिकून आहे. कादंबऱ्यांत तो भेटतो, गावच्या जुन्या गोष्टींत भेटतो. बंदूक कुठल्या कारखान्याची, किती लांब पल्ल्याची, हे त्या शब्दातून काहीच कळत नाही. कळतं ते एवढंच, की हिच्यात दारू आणि गोळी तोंडाकडून घालून गजानं ठासावी लागते. बंदुकीचं नावच मुळी गोळी बसवण्याच्या रीतीवरून पडलेलं आहे. मला हे फार बोलकं वाटतं. युद्धांचे इतिहास पल्ल्याबद्दल आणि सेनापतींबद्दल लिहितात, पण ज्याच्या हातात बंदूक असे त्याला पहिली काळजी वेगळीच असे. गोळी नळीत नीट बसली का? आज मी या बैठकीचाच इतिहास सांगणार आहे.

सुरुवात साध्या, आतून गुळगुळीत नळीपासून करू. इंग्रजांची ‘ब्राऊन बेस’ नावाची मस्केट घ्या. हिंदुस्थानातल्या अनेक लढायांत ती वापरली गेली. तिची नळी पाऊण इंच व्यासाची, तर शिशाची गोळी साधारण सात दशांश इंचाची. गोळी मुद्दामच लहान ठेवलेली, म्हणजे ती झटकन खाली जावी. पण त्या सैलपणाची किंमत मोजावी लागे. बार झाला की गोळी नळीत या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत निघे आणि शेवटचा धक्का जिकडून बसेल त्याच्या उलट दिशेला जाई. शंभर यार्डांपलीकडच्या एका माणसावर नेम धरण्यात फारसा अर्थ नसे. म्हणून तर पलटणी रांगेत उभ्या राहून एकदम बार काढत.

यावरचा उपाय युरोपातल्या कारागिरांना सोळाव्या शतकातच ठाऊक होता. नळीच्या आत स्क्रूसारखे वळणदार आटे पाडायचे. गोळी त्यांत घट्ट बसली तर बाहेर पडताना भोवऱ्यासारखी फिरते, आणि फिरणारी गोळी आपली दिशा सोडत नाही. अशा आटे पाडलेल्या बंदुकीलाच आपण रायफल म्हणतो. अडचण एकच. घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून खाली न्यायची कशी? तेल लावलेल्या कापडाच्या किंवा कातड्याच्या चिंधीत गोळी गुंडाळून ती गजानं रेटत न्यावी लागे. १८०० साली इंग्रजांनी आपल्या निवडक शिपायांना बेकर रायफल दिली, तेव्हा सुरुवातीला गोळी ठोकायला लाकडी हातोडीही सोबत दिली होती! मस्केटवाला मिनिटाला तीन बार काढी, तर रायफलवाला एखादा. गोळी सैल असेल तर वेग मिळतो, घट्ट असेल तर नेम मिळतो. हा पेच तीनशे वर्षं सुटला नाही.

तो सोडवण्याचे प्रयत्न फ्रेंच अधिकाऱ्यांनी केले. १८२६ मध्ये देल्विन्य यानं नळीच्या तळाशी दारूसाठी अरुंद कोठी केली. सैल गोळी त्या कोठीच्या कडेवर जाऊन टेके, मग गजाचे ठोके देऊन ती पसरवायची, म्हणजे आट्यांत रुतेल. तूव्हनँ यानं पुढं तळाशी पोलादी खुंटी बसवून त्यावर गोळी ठोकण्याची युक्ती काढली. दोन्हींत गोळी घट्ट बसे, पण ठोकून ठोकून वेडीवाकडी होई. १८४९ च्या सुमारास मिनिए या कॅप्टननं ठोकण्याचं कामच दारूवर सोपवलं. त्याची गोळी लांबट होती आणि बुडाशी पोकळ. ती सैलपणे खाली सरके, आणि बार होताच आतला वायू तिचं बूड फुगवून आट्यांत दाबून बसवी. वेग आणि नेम दोन्ही एकदम मिळाले.

याच तत्त्वावर इंग्रजांनी १८५३ साली एनफिल्ड रायफल काढली, आणि इथं ही कथा आपल्या अंगणात येते.

एनफिल्डची नळी .५७७ इंचाची आणि गोळी .५६८ इंचाची. म्हणजे दोहोंमध्ये एका इंचाच्या हजार भागांपैकी नऊ भागांचं अंतर. हे अंतर भरून काढत असे काडतुसाचा कागद. कागदाचं टोक दातांनी तोडायचं, दारू नळीत ओतायची, मग काडतूस उलटं करून गोळी तिच्याभोवतीच्या कागदासकट आत ठासायची. तो कागद सरकावा आणि नळीत दारूची काजळी धरू नये म्हणून त्याला चरबीचं वंगण लावलेलं असे. शाळेतल्या पुस्तकात आपण ‘चरबीची काडतुसं’ असं वाचतो, पण ती चरबी तिथं का होती हे पुस्तक सांगत नाही. ती होती गोळीच्या बैठकीसाठी.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदमला या वंगणाची कुजबूज सुरू झाली. गायीची की डुकराची? चरबी कोणत्या जनावराची, याची खात्री कुणी करून घेतलेली नव्हती. शिपायांनी आपलं वंगण आपण लावावं, असा हुकूम त्याच महिन्यात निघाला. पुढं काडतूस दातांऐवजी बोटांनी फाडायचीही मुभा मिळाली. पण विश्वास उडाला तो उडालाच. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला आणि १० मे रोजी मीरत पेटलं. उठावाची कारणं पुष्कळ होती. संस्थानं खालसा झाली होती, शेतसारा होता, शिपायांची मानहानी होती. हे सगळं वंगणावर ढकलणं चुकीचं ठरेल. तरी मला एका गोष्टीचं नवल वाटत आलं आहे. ज्या खात्यानं गोळी आणि नळी यांच्यातलं अंतर इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलं, त्या खात्याच्या हिशेबात ते काडतूस तोंडात धरणारा माणूस आलाच नाही.

पुढं १८५९ मध्ये गोळीचा व्यास .५५ इंचांवर आणला गेला, कारण आधीची गोळी ठासताना अडकते अशा तक्रारी होत्या. वंगणात मधमाश्यांचं मेण आलं. आणि हिंदी पलटणींसाठी काय केलं? त्यांच्याकरिता बाहेरून एनफिल्डसारखीच दिसणारी, पण आतून आटे नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक काढली. गोळीची बैठकच काढून घेतली की नेमही जातो, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं.

यानंतर दहा वर्षांत ठासणीचं युग संपलं. १८६६ मध्ये एनफिल्डच्याच नळ्यांना मागून उघडणारं झाकण बसवून स्नायडर रायफल तयार झाली आणि तिच्यासाठी कर्नल बॉक्सर यानं पितळी पत्र्याचं काडतूस केलं. आपल्या पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना सुरू झाला तो १८६९ साली, म्हणजे अगदी याच बदलाच्या काळात. तो अजून चालू आहे, २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली.

नव्या काडतुसानं गोळीच्या बैठकीचा प्रश्न संपला असं कुणालाही वाटेल. खरं तर तो तिथं नव्यानं सुरू झाला. काडतूस म्हणजे एक छोटी पितळी बाटली समजा. बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू, वर निमुळती मान आणि त्या मानेत बुचासारखी बसवलेली गोळी. ही बाटली नळीच्या मागच्या कोठीत जाऊन बसते. कोठीपुढं थोडी गुळगुळीत जागा असते, तिला आपण घसा म्हणू. घशानंतर आटे सुरू होतात. बार झाला की गोळी मानेतून सुटते, घशातून उडी मारते आणि आट्यांत शिरते. पूर्वी शिपाई स्वतः गोळी ठासून बसवी. आता ती जागा कारखान्यात ठरू लागली. बूच किती आत दाबायचं, त्यावर उडी किती लांब हे ठरतं, आणि उडीवर नेम अवलंबून असतो.

उडी फार लांब असेल तर गोळी घशात किंचित तिरकी होण्याचा धोका असतो. गोळी आट्यांना आधीच टेकलेली असेल, तर तिला धाव घ्यायला जागा मिळत नाही आणि आतला दाब एकदम चढतो. उलट ती फारच खोल दाबली तर दारूची जागा कमी होते, आणि तेव्हाही दाब वाढू शकतो. हा दाब म्हणजे काही थोडाथोडका नसतो. अमेरिकेच्या प्रसिद्ध .३०-०६ काडतुसात तो दर चौरस इंचाला साठ हजार पौंडांपर्यंत जातो. आपल्या मोटारीच्या चाकात असतो तो तीस-पस्तीस पौंड.

या केसभर अंतराचा ध्यास घेतला तो अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांनी. जर्मनीतून तिकडं गेलेल्या लोकांनी आपले नेमबाजीचे क्लब काढले होते. दोनशे यार्डांवरचं लक्ष्य, उभं राहून नेम आणि मग मेजवानी, असा तो थाट. त्यांच्यातला नामांकित नळी-कारागीर हॅरी पोप. १९०६ मध्ये त्यानं सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटलं आणि त्याच वर्षीच्या भूकंपानंतरच्या आगीत ते गेलं. मग तो जर्सी सिटीत स्थिरावला. पोपची रीत मजेदार होती. दारू भरलेलं काडतूस मागून घालायचं, पण गोळी मात्र तोंडाकडून, आट्यांतूनच ठासत खाली आणायची. असं केल्यानं गोळी नळीच्या मधोमध बसे आणि तिच्या बुडाच्या कडा स्वच्छ राहत. काडतुसाच्या जमान्यात या माणसानं नेमासाठी ठासणी परत आणली!

पोपच्या नळ्या वापरून प्रयोग करणारा एक डॉक्टर होता, मॅसॅच्युसेट्सचा फ्रँकलिन मॅन. कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं बारीक करणाऱ्या त्याच्या यंत्राचा चांगला धंदा होता, आणि कमाई तो बंदुकीवर खर्च करी. माणसाचा हात थरथरतो, श्वास हलतो. म्हणून त्यानं नळी जमिनीत पक्क्या रोवलेल्या भक्कम ओट्यावर ठेवली. वाटेत कागदी पडदे लावून गोळी सरळ जाते की कलंडत, ते तो भोकांच्या आकारावरून ताडी. १९०९ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की नेम चुकण्याचं बरंचसं कारण गोळी नळीबाहेर पडण्याआधीच घडलेलं असतं. आट्यांत शिरताना ती तिरकी झाली किंवा तिचं बूड बिघडलं, की पुढं हवेत काहीही केलं तरी ते दुरुस्त होत नाही.

सैन्यालाही हा धडा त्याच सुमारास मिळाला. अमेरिकेनं १९०३ मध्ये स्प्रिंगफिल्ड रायफल घेतली तेव्हा तिची गोळी लांब, बोथट नाकाची होती. १९०५ मध्ये जर्मनांनी हलकी, टोकदार गोळी आणली. तिचा वेग जास्त आणि मार्ग सपाट. अमेरिकेनंही १९०६ मध्ये तशी गोळी स्वीकारली. पण टोकदार गोळी पुढं निमुळती असल्यानं आट्यांपर्यंतची तिची उडी लांबली असती. म्हणून आधी बनवलेल्या रायफलींच्या नळ्या मागच्या बाजूनं आखूड करून कोठ्या नव्यानं कोरल्या. गोळीच्या उडीसाठी एका देशानं आपल्या बंदुका परत कारखान्यात आणल्या.

१९२१ मधली गोष्ट आणखी शिकवणारी आहे. नळीत धातूची पुटं चढू नयेत म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी टिनचा मुलामा दिलेल्या गोळ्या पुरवल्या गेल्या. टिन आणि पितळ यांनी एकमेकांना धरलं आणि गोळी मानेत जणू डाख दिल्यासारखी चिकटली. त्यात जुन्या सवयीनं काहींनी गोळ्यांना वंगण लावलं. वंगणामुळं मानेला पसरायला जागा उरेना, गोळी सुटेना, आणि काही रायफलींची मोडतोड झाली. चौसष्ट वर्षांपूर्वी वंगण होतं म्हणून गोळी बसत होती, आता वंगण होतं म्हणून ती सुटत नव्हती. अमुक गोष्ट चांगली की वाईट, हे तिच्या शेजारच्या गोष्टी पाहिल्याशिवाय ठरत नाही.

आज अमेरिकेत आणि युरोपात स्वतःची काडतुसं घरी भरणारे असंख्य हौशी आहेत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, त्यामुळं ही हौस इथं घरोघरची नाही. पण त्यांची चिकाटी समजून घेण्याजोगी आहे. पूर्वी हे लोक मेणबत्तीच्या ज्योतीवर गोळी काळी करत, दारू नसलेलं काडतूस कोठीत घालत आणि काजळीवर आट्यांचे ओरखडे उमटले का ते पाहत. आता मापयंत्रं आली. ती गोळीच्या टोकापासून मोजत नाहीत, कारण टोकं एकसारखी नसतात. गोळीचा फुगीर भाग जिथं आट्यांना टेकतो तिथून मोजतात. हिशेब चालतो इंचाच्या हजाराव्या भागांत, आणि असे दोन-तीन भाग म्हणजे आपल्या डोक्याचा एक केस.

मग योग्य खोली कोणती? पुस्तकात काडतुसाची कमाल लांबी दिलेली असते. .३०-०६ साठी ती ३.३४० इंच आहे. पण ती कुठल्याही बंदुकीत काडतूस बिनधोक बसावं यासाठी ठरवलेली. नेमासाठीचं माप प्रत्येक नळीचं आणि प्रत्येक गोळीचं वेगळं. एखादी गोळी आट्यांजवळ बसवली की खूश असते, तर दुसरीला लांब उडी चालते. अमेरिकेतले रॉय वेदरबी यांनी तर १९४० च्या दशकात मुद्दाम लांब घशाच्या रायफली काढल्या आणि त्या खपल्याही. शिवाय हे माप कायमचं नसतं. दर बाराच्या तापानं घसा थोडा थोडा झिजतो, आटे पुढं सरकतात, आणि गेल्या वर्षीची खोली यंदा चुकीची ठरते.

इथं एक सावधगिरीही शिकण्यासारखी आहे. तीन गोळ्या एकाच भोकात गेल्या की माणूस म्हणतो, सापडलं माप! पण तीन गोळ्या योगायोगानंही जवळ जातात. त्याच मापाच्या तीस झाडल्या की खरं चित्र दिसतं, आणि पुष्कळदा सापडलेला फरक विरून जातो. डॉक्टर मॅन पक्क्या ओट्यावर नळी ठेवून वर्षानुवर्षं टिपणं करत बसला, त्याचं कारण हेच.

आता आपल्या कोल्हापूरकडे येऊ. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेनं पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. यांची .२२ ची काडतुसं मात्र घरी भरताच येत नाहीत, कारण ठिणगीचा मसाला त्यांच्या बुडाच्या कडेत असतो आणि ती एकदाच वापरता येतात. म्हणजे गोळीच्या बैठकीला हात लावण्याची सोय नाही. मग या पातळीवरचे नेमबाज उलटा मार्ग धरतात. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे घाणे आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जो घाणा आपल्या नळीला मानवतो तेवढाच विकत घेतात. पोप गोळी नळीला बसवी, हे लोक नळीला बसणारी गोळी शोधतात. दोघांचा प्रश्न एकच.

या साऱ्या इतिहासातून मला एक गोष्ट पटली आहे. नेमकेपणा हा आकडा कुठल्याच वस्तूत एकटा राहत नाही. चांगली गोळी, चांगली नळी, चांगली दारू अशा वस्तू वेगवेगळ्या आणून चालत नाही. त्या एकमेकींना बसाव्या लागतात, आणि ती बैठक जागेवर, पुन्हा पुन्हा मोजूनच सापडते. १८५३ साली वूलिच आणि एनफिल्डमध्ये बसलेल्या हुशार माणसांनी गोळी, कागद, वंगण आणि नळी यांची उत्तम बैठक जमवली. पण बंदूक चालवणारा माणूसही त्या मोजमापाचाच भाग असतो, आणि दमदमच्या शिपायाला विचारायला कुणी गेलं नाही. तेवढं एक माप राहिलं, आणि त्याची किंमत दोन्ही बाजूंच्या हजारो माणसांनी दिली.